विद्यापीठ कुणाचे? प्राध्यापकांचा अधिकार आणि समाजाचा हक्क

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



या अभ्यासवर्गात शेतमालाचे भाव, असंघटित कामगारांचे प्रश्न आणि पाणीवाटप असे विषय ठेवलेले असताना मधेच विद्यापीठांच्या कारभाराचा विषय कशासाठी घातला, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. सकाळी चहाच्या वेळी एका साथीने ती बोलूनही दाखविली. अधिसभा आणि विद्यापरिषद ही प्राध्यापकांची आपापसातील भांडणे आहेत, ज्यांना पगार मिळतो त्यांनी ती भांडावीत, आपण त्यात कशाला पडावयाचे, असे त्यांचे म्हणणे होते. शंका प्रामाणिक आहे आणि तिला उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. माझे आजचे सारे भाषण हे त्या एका शंकेचेच उत्तर आहे, असे समजा.

महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून महाविद्यालयात येणारी मुले-मुली ज्या विद्यापीठांची पदवी घेतात, ती सार्वजनिक विद्यापीठे आहेत. त्यांच्या जमिनी, इमारती, तेथील शिक्षकांचे वेतन हे सारे जनतेच्या पैशातून उभे राहिले. श्रीमंतांच्या मुलांना आज खाजगी विद्यापीठे आहेत, परदेश आहे. शेतमजुराच्या मुलीला जिल्ह्याच्या गावचे अनुदानित महाविद्यालय एवढेच आहे. तेथे काय शिकवावे, कोणी शिकवावे, परीक्षा कशी घ्यावी, शुल्क किती असावे, हे कोण ठरवितो हा प्रश्न म्हणूनच केवळ प्राध्यापकांचा राहत नाही. तो त्या मुलीचा प्रश्न आहे, आणि ज्या पक्षाला तिचे राजकारण करावयाचे आहे त्याचाही तो प्रश्न आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठे १८५७ साली स्थापन झाली. त्यांच्या सिनेटवर सरकारने नेमलेले सदस्य तहहयात असत. पुढे शिकलेल्या हिंदी लोकांचा आवाज या सिनेटमधून उमटू लागला, तेव्हा लॉर्ड कर्झनला विद्यापीठांच्या दर्जाची काळजी वाटू लागली. १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने सिनेटची सदस्यसंख्या जास्तीत जास्त शंभरावर आणली. त्यांपैकी जुन्या तीन विद्यापीठांत निवडून यावयाचे फक्त वीस, बाकीचे बहुतेक नेमलेले. या विधेयकाला मध्यवर्ती कायदेमंडळात नामदार गोखल्यांनी विरोध केला. ते स्वतः फर्ग्युसन महाविद्यालयातील प्राध्यापक होते. या कायद्याने विद्यापीठ हे सरकारचे एक खाते होऊन बसेल, असा त्यांच्या विरोधाचा गाभा होता. मुंबईत फिरोजशहा मेहतांनीही हाच लढा दिला. कर्झनसाहेबांनी आपल्या कायद्याचे समर्थन कोणत्या शब्दांत केले होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. सत्ता हवी आहे, असे त्यांनी म्हटले नव्हते. दर्जा आणि कार्यक्षमता हे त्यांचे शब्द होते. एकशेवीस वर्षांनंतर सत्ताधाऱ्यांच्या तोंडी तेच शब्द आहेत.

परंतु मित्रहो, इतिहासाची ही एकच बाजू सांगून मी थांबलो, तर ते अर्धसत्य होईल. विद्यापीठाच्या स्वायत्ततेची मागणी करणाऱ्यांना जोतीराव फुल्यांनी त्याच्या आधीच एक प्रश्न विचारून ठेवला होता. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले, की सरकारी तिजोरी भरते शेतकऱ्याच्या घामाने, आणि उच्च शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. पुढे १९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीवर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मागासलेल्या समाजांना सिनेटमध्ये प्रतिनिधित्व असले पाहिजे, असा आग्रह धरला. केवळ पदवीधरांच्या निवडणुकीवर विसंबले, तर ज्या समाजांत पदवीधरच नाहीत त्यांचा आवाज तेथे कधीच पोचणार नाही, हे उघड होते.

म्हणजे आपल्यापुढे परंपरेने दोन तत्त्वे आलेली आहेत. ज्ञानाच्या कारभारात सरकारने हात घालू नये, हे गोखल्यांचे तत्त्व. ज्याच्या पैशावर विद्यापीठ चालते त्या रयतेला विद्यापीठाने जाब दिला पाहिजे, हे फुले-आंबेडकरांचे तत्त्व. समाजवादी माणसाला यांपैकी एक घेऊन दुसरे टाकता येणार नाही. पहिलेच घेतले तर विद्यापीठ हा मूठभर पंडितांचा वाडा होतो. दुसऱ्याचे नाव घेऊन मंत्र्याच्या हाती कारभार दिला तर ते मंत्रालयाचे खाते होते, आणि रयत बाहेरच राहते. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यात आपले कार्यकर्ते होते. १९७८ साली विधिमंडळाने ठराव केल्यापासून १९९४ साली नामविस्तार होईपर्यंत सोळा वर्षे गेली. त्या लढ्यानेही हेच शिकविले, की विद्यापीठाच्या भिंतीआड जे घडते ते गावकुसापर्यंत पोचते आणि गावकुसाबाहेरचे दुःख विद्यापीठाच्या दारापर्यंत येते.

स्वातंत्र्यानंतर या दोन तत्त्वांचा मेळ घालण्याचा प्रयत्न झाला. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने सरकारी साहाय्य आणि शैक्षणिक धोरणावरील सरकारी नियंत्रण या दोन गोष्टींची गल्लत करू नये, असे बजावले. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते, स्वायत्ततेचे तीन स्तर सांगितले. विद्यापीठाच्या आत विभागांची, महाविद्यालयांची, शिक्षकांची व विद्यार्थ्यांची स्वायत्तता हा पहिला. एकूण विद्यापीठव्यवस्थेच्या संदर्भात एका विद्यापीठाची स्वायत्तता हा दुसरा. आणि सरकारादी बाहेरच्या शक्तींच्या संदर्भात साऱ्या व्यवस्थेची स्वायत्तता हा तिसरा. यातील पहिला स्तर आपण नेहमी विसरतो. सरकारशी भांडणारा कुलगुरू स्वतःच्या विभागप्रमुखांना विचारीत नसेल, तर त्याच्या स्वायत्ततेला अर्थ उरत नाही. न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमलेल्या समितीनेही १९७१ च्या सुमारास विद्यापीठांच्या कारभाराचा विचार करून त्यात शिक्षक आणि विद्यार्थी यांना स्थान असावे, असे म्हटले. आपल्या चळवळीपुरते बोलावयाचे, तर आचार्य नरेंद्र देव हे लखनौ आणि बनारस या दोन विद्यापीठांचे कुलगुरू होते. समाजवादी माणूस विद्यापीठ चालवितो तेव्हा पक्षाचे कार्यालय चालवीत नाही, हे त्यांनी आचरणाने दाखविले.

महाराष्ट्रात १९७४ साली विद्यापीठांचे नवे कायदे झाले, १९९४ साली सर्व विद्यापीठांसाठी एकच कायदा आला, आणि २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम १ मार्च २०१७ पासून अमलात आला. या तीन पायऱ्यांवर प्राध्यापकांचा अधिकार कसा झिजत गेला, ते एका पदावरून पाहा. १९९४ च्या कायद्यात विद्याशाखेचा अधिष्ठाता त्या विद्याशाखेचे सदस्य आपल्यातून निवडीत असत. २०१६ च्या कायद्याने अधिष्ठाता हा निवड समितीमार्फत नेमला जाणारा पूर्णवेळ अधिकारी झाला. पूर्णवेळ माणूस हवा, ही गरज खरी होती, हे मी मान्य करतो. परंतु जो शिक्षकांचा प्रतिनिधी म्हणून कुलगुरूंपुढे बसत होता, तो आता कुलगुरूंचा सहकारी म्हणून शिक्षकांपुढे बसू लागला. खुर्ची तीच राहिली, तोंड मात्र दुसऱ्या बाजूला फिरले.

अभ्यास मंडळाचेही तेच. अभ्यासक्रम ठरतो तो येथे. मंडळाकडून तो विद्याशाखेकडे जातो आणि तेथून विद्यापरिषदेकडे. आज या मंडळावर निवडणुकीतून येणारे विभागप्रमुख मोजके असतात, बाकीचे बहुतेक नामनिर्देशनाने येतात. नामनिर्देशित माणूस वाईटच असतो, असे मी म्हणत नाही. मीही नामनिर्देशनाने एका अभ्यास मंडळावर काही काळ होतो. त्या विद्यापीठाचे नाव सांगण्याची गरज नाही, कारण इतरत्रही तसेच चालते, असे अनेक मित्रांनी मला सांगितले आहे. बैठकीची विषयपत्रिका आदल्या रात्री आली. अभ्यासक्रमाचा आराखडा वरून ठरून आलेला होता. श्रेयांकांची बेरीज पूर्वीच झालेली होती. आम्ही फक्त रिकाम्या चौकटींत प्रकरणांची नावे भरावयाची होती. एका सदस्याने ग्रामीण महाविद्यालयांत प्रयोगशाळा नाहीत, हे प्रात्यक्षिक तेथे कसे होणार, असे विचारले. आता वेळ नाही, अंमलबजावणी जूनपासून आहे, असे उत्तर मिळाले. आम्ही सह्या केल्या. मीही केली. त्या सहीची मला आजही लाज वाटते, म्हणून हे सांगतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले. चार वर्षांची पदवी, मुख्य आणि गौण विषय, श्रेयांकांची बँक यांवर पुष्कळ वाद होऊ शकतो आणि व्हावयास हवा. त्यातील काही कल्पना चांगल्या असतीलही. परंतु वर्गात उभे राहून जे धोरण अमलात आणणार, त्यांना विचारण्याचा वेळ नसेल, तर चांगली कल्पनाही कागदावरच मरते. याच धोरणाने प्रत्येक उच्च शिक्षणसंस्थेचा कारभार स्वतंत्र नियामक मंडळाकडे सोपविण्याची आणि महाविद्यालयांची संलग्नता पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपविण्याची दिशा दिली आहे. संलग्नता गेली की अधिसभेत निवडून येणारा तालुक्याच्या महाविद्यालयातील शिक्षक कोठे जाणार? त्याच्या जागी नियामक मंडळावर कोण बसणार? संस्थाचालकच बसतील, अशी भीती बाळगावयास महाराष्ट्रात पुरेशी कारणे आहेत. १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचे दार उघडले, तेव्हा त्या दारातून कोण आत आले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. शिक्षणसम्राट हा शब्द मराठीत त्यानंतरच रूढ झाला.

शिक्षकांना न विचारता निर्णय घेतला की काय होते, याचे उदाहरण मुंबई विद्यापीठाने २०१७ साली दिले. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत त्या वर्षी घाईने सर्व परीक्षांना लागू झाली. उत्तरपत्रिका सुमारे सतरा लाख होत्या. पुरेशी पूर्वतयारी नव्हती, पुरेसे प्रशिक्षण नव्हते. ३१ जुलैपर्यंत निकाल लावा, असे कुलपतींनी बजावले, आणि ती मुदतही टळली. कित्येक विद्यार्थ्यांचे पुढील प्रवेश अडचणीत आले. ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. वृत्तपत्रांनी ही एका व्यक्तीची चूक म्हणून मांडली. मला ती एका व्यवस्थेची चूक वाटते. नवा कायदा मार्चमध्ये लागू झाला होता आणि त्यानुसार निवडून यावयाची अधिसभा अजून अस्तित्वात आलेली नव्हती. ज्या सभागृहात उभे राहून कुणीतरी "थांबा, ही पद्धत आधी एका विद्याशाखेत करून पाहा" असे म्हणू शकला असता, ते सभागृहच रिकामे होते. लोकशाहीला वेळ लागतो, अशी तक्रार करणाऱ्यांनी लोकशाहीवाचून किती वेळ वाया गेला, याचाही हिशेब मांडावा.

आणि हे सभागृह रिकामे ठेवण्याची सवय गेली नाही. २०२२ साली अधिसभांची मुदत संपली. मुंबई विद्यापीठात नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागांची निवडणूक २०२३ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाली आणि त्याच महिन्यात एका रात्रीत स्थगित झाली. पुढे २२ सप्टेंबर २०२४ ही तारीख ठरली, तर तिच्या दोन दिवस आधी पुन्हा स्थगिती आली. अखेर उच्च न्यायालयाने ती स्थगिती रोखली, तेव्हा २४ सप्टेंबर २०२४ रोजी मतदान झाले. त्यात कोणता पक्ष जिंकला, याच्याशी मला आज कर्तव्य नाही. दोन वर्षे पदवीधरांचे निवडून आलेले प्रतिनिधी नसताना विद्यापीठाचा अर्थसंकल्प मंजूर होत राहिला, याच्याशी आहे. अर्थसंकल्प, वार्षिक अहवाल, लेखापरीक्षण हे सारे अधिसभेपुढे येते. तेथे प्रश्न विचारणारा नसला, की पैसा कोठे गेला हे कुणालाच कळत नाही. विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर १९९४ पासून थेट निवडणुकाच थांबल्या. २०१६ च्या कायद्याने त्यांची तरतूद केली, पण तरतूद पुस्तकात राहिली.

आता कुलगुरूंच्या निवडीकडे वळू. डिसेंबर २०२१ मध्ये त्या वेळच्या महाविकास आघाडी सरकारने विद्यापीठ कायद्यात दुरुस्ती मंजूर करून घेतली. उच्च शिक्षणमंत्री प्र-कुलपती होणार होते, आणि कुलगुरूपदासाठी राज्य सरकार सुचवील त्या दोन नावांतून राज्यपालांनी एक निवडावयाचे होते. राज्यपालांनी संमती दिली नाही आणि २०२२ साली सरकार बदलल्यावर ती दुरुस्ती मागे घेण्यात आली. त्या दुरुस्तीला आपल्यातील काही मित्रांनी पाठिंबा दिला होता. केंद्राने नेमलेल्या राज्यपालापेक्षा लोकांनी निवडलेला मंत्री बरा, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्या युक्तिवादात तथ्य आहे, पण तो अपुरा आहे. मंत्री लोकांनी निवडलेला असतो तो राज्याचा कारभार करावयास. पीएच. डी.च्या प्रबंधावर आणि अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकावर त्याचा हात असावा म्हणून नव्हे.

जानेवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने दुसऱ्या टोकाचा मसुदा प्रसिद्ध केला. कुलगुरू निवडीच्या समितीत कुलपतींचा एक प्रतिनिधी, आयोगाचा एक, आणि विद्यापीठाच्या सर्वोच्च मंडळाचा एक. राज्य सरकारचा कोणीही नाही. उद्योग, प्रशासन यांतील वरिष्ठ व्यक्तीही कुलगुरूपदास पात्र. कंत्राटी शिक्षकांची संख्या मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावी, ही २०१८ च्या नियमांतील मर्यादा या मसुद्यात दिसत नाही. केरळ, तामिळनाडू या राज्यांनी त्यास जाहीर विरोध केला. मसुद्याचे पुढे काहीही होवो, त्यामागील विचार समजून घेतला पाहिजे. शिक्षण मुळात राज्यांचा विषय होता. आणीबाणीत १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला. आणीबाणी उठली, तुरुंगांची दारे उघडली, पण शिक्षण राज्यांकडे परत आले नाही. उच्च शिक्षणाच्या दर्जाचा समन्वय एवढ्यापुरता केंद्राला दिलेला अधिकार आता ताणून ताणून नेमणुकीपर्यंत नेला जात आहे. विद्यापीठ राज्याच्या कायद्याने निर्माण व्हावे, पैसा राज्याने द्यावा, आणि त्याचा प्रमुख मात्र दिल्लीच्या पसंतीने ठरावा, हे संघराज्याच्या कल्पनेशी जुळत नाही.

पण मुंबई आणि दिल्ली यांच्या या ओढाताणीत एक गोष्ट दोघांनाही मान्य असल्याचे दिसते. शिक्षकांना विचारण्याचे कारण नाही, हे त्या दोघांनाही पटलेले आहे. आपला पक्ष यांपैकी एकाची बाजू घेऊन थांबला, तर आपण धन्याची निवड करीत राहू.

मित्रहो, आता ज्यांना या कायद्याने शिक्षकच मानलेले नाही, त्यांच्याकडे येतो. महाराष्ट्रातील अनुदानित महाविद्यालयांतही आज कित्येक विभाग तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांच्या जोरावर चालतात. नेट-सेट झालेली, पीएच. डी. केलेली ही माणसे तासावर पैसे घेतात. सुट्टी लागली की मिळकत थांबते. दर वर्षी नव्याने मुलाखत, नव्याने नेमणूक, आणि मानधन कित्येकदा महिनोन् महिने उशिरा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली अतिथी व्याख्यात्याला एका व्याख्यानास १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये अशी शिफारस केली होती. आपल्या ओळखीच्या एखाद्या तासिका प्राध्यापकाला त्याच्या हाती प्रत्यक्षात काय पडते, ते विचारून पाहा. तो चाळिशीला आला तरी लग्नाच्या बाजारात आणि बँकेच्या कर्जखात्यात तो बेकारच असतो.

कारभाराशी याचा संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध थेट आहे. विद्यापीठ कायद्याच्या दृष्टीने शिक्षक म्हणजे पूर्णवेळ मान्यताप्राप्त शिक्षक. तासिकेवर काम करणाऱ्याला अधिसभेच्या निवडणुकीत शिक्षक म्हणून मत नाही, तो अभ्यास मंडळावर नाही, विद्यापरिषदेत नाही. जागा निवृत्तीने रिकामी होते, भरली जात नाही, तिच्यावर तासिकेचा माणूस येतो, आणि मतदारयादीतील एक नाव कमी होते. अशा रीतीने कायद्यातील एकही कलम न बदलता शिक्षकांचा अधिकार वर्षानुवर्षे आटत जातो. शिवाय ज्याची नेमणूक पुढील जूनमध्ये संस्थाचालकाच्या मर्जीवर आहे, तो वर्गात निर्भयपणे कसा बोलणार? अध्यापनाचे स्वातंत्र्य हे भाषणाचे कलम नाही, ते आधी नोकरीच्या शाश्वतीचे कलम आहे. रिक्त पदे भरण्याची मागणी आपण बेकारीच्या प्रश्नाखाली मांडतो. ती विद्यापीठीय लोकशाहीच्या प्रश्नाखालीही मांडली पाहिजे.

येथे मला माझ्या व्यवसायबंधूंविषयीही बोलले पाहिजे, नाही तर हे भाषण वकिली ठरेल. कायम प्राध्यापकांच्या संघटनांनी महाराष्ट्रात मोठे लढे दिले. वेतन थेट खात्यात जमा होऊ लागण्यापूर्वी एका रकमेवर सही घेऊन दुसरीच रक्कम हाती देणारे संस्थाचालक होते, आणि त्यांना वेसण घातली ती संघटनांनी. हे ऋण आहेच. परंतु वेतन आयोगाच्या थकबाकीसाठी आम्ही जितक्या निर्धाराने रस्त्यावर आलो, तितक्या निर्धाराने शेजारच्या खोलीत शिकविणाऱ्या तासिका प्राध्यापकासाठी आलो काय? अधिसभेच्या निवडणुकांत आम्ही पॅनेल उभी केली, त्यांत जातीची गणिते मांडली, संस्थाचालकांशी समझोते केले. निवडून आल्यावर वर्षातील दोन बैठकांपैकी एकीला गेलो आणि भत्त्याचा अर्ज भरून परतलो. असे सारे जण नव्हते, पण पुष्कळ होते. प्राध्यापकांच्या स्वशासनाची थट्टा करण्याचे धाडस सत्ताधाऱ्यांना होते, कारण त्या थट्टेला लागणारा मसाला आम्हीच पुरविला. गावातील लोकांनी कधी अधिसभेसाठी आवाज उठविला नाही, यात त्यांचा दोष नाही. अधिसभा त्यांच्यासाठी कधी बोलली, हे त्यांना आठवत नाही.

तेव्हा स्वशासन हवे, पण उघड्या दाराचे हवे. कर देणाऱ्याला आत काय चालले आहे ते दिसले पाहिजे. जो पैसा देतो त्यानेच ठरवावे, असा एक युक्तिवाद केला जातो. रुग्णालयाचा खर्च जनता करते, म्हणून शस्त्रक्रिया कशी करावी हे आमदार ठरवीत नाही. पण गरिबाला खाट मिळते की नाही, औषधे बाहेरून आणावयास लावतात काय, हे विचारण्याचा अधिकार जनतेला आहे. विद्यापीठातही हीच विभागणी असावी. काय शिकवावे आणि कसे तपासावे, हे शिक्षकांनी ठरवावे. कुणाला प्रवेश मिळतो, किती शुल्क पडते, पैसा कोठे जातो, राखीव जागा भरल्या की नाही, याचा जाब समाजाने मागावा.

या भूमिकेतून पक्षाने काही मागण्या स्पष्टपणे मांडाव्यात. प्राधिकरणांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण करणे कायद्याने बंधनकारक करावे आणि ती स्थगित करण्याचा अधिकार कार्यालयीन आदेशाला असू नये. अभ्यास मंडळांवर निवडून आलेल्या शिक्षकांचे बहुमत असावे. शिक्षकांच्या अधिसभेतील जागांत अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि स्त्रिया यांना जे आरक्षण आहे, तेच तत्त्व अभ्यास मंडळांनाही लागू व्हावे. तासिका तत्त्वावर सलग दोन वर्षे शिकविणाऱ्यास मताचा अधिकार मिळावा, आणि मंजूर पदे ठरावीक मुदतीत कायमस्वरूपी भरली जावीत. कुलगुरू निवडीच्या समितीत विद्यापीठाच्या प्राधिकरणांनी निवडलेल्यांचे बहुमत असावे, राज्याचा प्रतिनिधी असावा, पण मंत्री प्र-कुलपती नसावा. विद्यार्थ्यांच्या निवडणुका व्हाव्यात. अधिसभेचे इतिवृत्त आणि अर्थसंकल्प मराठीतून, सर्वांना वाचता येईल असा प्रसिद्ध व्हावा.

मागण्या करून घरी जाण्याची आपली सवय आहे, म्हणून कार्यकर्त्यांसाठी तीन कामेही सांगतो. पहिले, आपल्या तालुक्यातील पदवीधरांची नोंदणी करा. शेती करणारा पदवीधर, अंगणवाडीत काम करणारी पदवीधर स्त्री, यांना आपणही विद्यापीठाचे मतदार होऊ शकतो हेच ठाऊक नसते. दुसरे, माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून हाती आहे. आपल्या तालुक्यातील प्रत्येक अनुदानित महाविद्यालयात मंजूर पदे किती, भरलेली किती, तासिकेवर किती, हे मागवा आणि त्याचा तक्ता गावच्या फलकावर लावा. तिसरे, निवडून गेलेल्या अधिसभा सदस्याला वर्षातून एकदा तरी तालुक्याला बोलावून हिशेब विचारा. तो आपला असला तर अधिक कसोशीने विचारा.

सकाळी शंका विचारणाऱ्या साथींची मुलगी यंदा बारावीला आहे, असे मला नंतर कळले. पुढील जूनमध्ये ती जिल्ह्याच्या महाविद्यालयात जाईल. तेथे तिला पहिला तास घेणारी व्यक्ती बहुधा तासिकेवरील असेल, तिच्या हातातील अभ्यासक्रम आमच्यासारख्यांनी न वाचता सही केलेला असेल, आणि तिची उत्तरपत्रिका कशी तपासावयाची हे तिच्या शिक्षकांना न विचारता ठरलेले असेल. तिचे वडील अधिसभेला प्राध्यापकांचे भांडण म्हणतात. मुलीची फी भरताना त्यांनी एकदा आपले मत बदलावे, एवढीच त्यांना माझी विनंती आहे.